सवलत कागदावर, बाजार बंद

कॅनडा आणि ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यावरचे इन्युइट सीलची शिकार करतात ती आधी पोटासाठी. मांस घरोघर वाटले जाते आणि कातडे विकून पुढच्या शिकारीचे इंधन, काडतुसे येतात. 1983 मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर आयातबंदी घातली. इन्युइटांचा भर त्या पिल्लांवर नव्हताच, शिवाय त्यांच्या पारंपरिक शिकारीला बंदीतून वगळलेही होते. तरी त्यांच्या कातड्यांचे भाव कोसळले, कारण गिऱ्हाईकाने सील म्हटले की पाठ फिरवली. 2009 च्या व्यापक बंदीतही सवलत होती. बाजार मात्र सावरला नाही.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या आपल्या सीमाभागात हेच घडते आहे. महाराष्ट्राने 2015 मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आणली. कर्नाटकाच्या 2020 च्या कायद्याने तेरा वर्षांवरील म्हशींपुरतीच वाट ठेवली. अथणी-निपाणीच्या कोल्हापुरी चपलेचा तळ बहुतेक म्हशीच्या कातड्याचा, वेणी शेळीच्या कातड्याची. बाभळीची साल आणि हिरड्यात कातडे कमवायचे, तळ खिळ्याशिवाय वादीने शिवायचा, वेणी घरच्या बायांनी विणायची. म्हणजे कायद्याचा या धंद्याशी संबंध थोडाच. पण नाक्यावर गाडी अडली की गठ्ठ्यातले कातडे म्हशीचे आहे हे सिद्ध कोण करणार? त्या धास्तीने व्यापारी माल उचलत नाहीत, आणि कच्चा माल मिळत नाही ही कारागिरांची तक्रार वर्षानुवर्षे कायम आहे. सूत आले नाही की माग थांबतो, तसेच हे.

गोवंशाबद्दलची श्रद्धा खरी आहे, तिचा मान राखायलाच हवा. पण म्हशीच्या किंवा आपोआप मेलेल्या जनावराच्या कातड्याने ती दुखावत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले, मग हा धंदा टिकवायचा कशाला? त्यांचा रोख जन्माने लादलेल्या कामावर होता. धंदा सोडायचा की धरायचा हे कारागिराने स्वतः ठरवावे. माल अडवून त्याला हुसकावणे म्हणजे मुक्ती नव्हे. प्राडासारखी इटालियन फॅशन कंपनी 2025 च्या करारानुसार इथल्या कारागिरांच्या चपला सुमारे 800 युरोंना विकणार असेल, तर मागणी नाही असेही म्हणता येत नाही.

कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांचे आहे, आणि ते महाराष्ट्राच्या लिडकॉम व कर्नाटकाच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. त्यांनी मिळून कातड्याच्या प्रत्येक गठ्ठ्याला दाखला द्यावा, तो दोन्ही राज्यांच्या पोलिसांनी मान्य करावा, आणि अथणी व निपाणीत सरकारी कातडे-डेपो उघडावेत.