अकरा महिन्यांचे घर

जून उजाडला की अकलूजहून इंदापूरमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत एक ठरावीक दृश्य दिसते. पदवी हाती घेतलेला मुलगा, त्याच्यासोबत खोली पाहावयास निघालेले वडील आणि वडिलांच्या आतल्या खिशात अनामतीची रक्कम. साखर कारखान्याने आणि शिक्षणसंस्थांनी नीरेकाठचे हे गाव मोठे केले. २०२१ मध्ये ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपरिषदही आली. तरीसुद्धा शिकलेल्यांचा एक मोठा वर्ग पुण्यातच जातो आणि सोलापूर रस्त्याने येणाऱ्यास हडपसर, मांजरी, फुरसुंगी ही उपनगरे जवळची वाटतात. तेथे शोध असतो तो 'वन बीएचके'चा. तो मिळतो, पण अकरा महिन्यांसाठी.

हे अकरा महिने कोठून आले, असे सहसा कोणी विचारीत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती टाळण्यासाठी मुदत एका महिन्याने तोकडी करण्याची युक्ती निघाली आणि तिचाच रिवाज बनला. परंतु महाराष्ट्रात या युक्तीचा आधारच नाहीसा झाला आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. कारण गेले, रिवाज मात्र पाव शतक टिकून आहे!

घरमालकाची भीती अगदीच निराधार होती असे नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली आणि ती दशकानुदशके तशीच राहिली. या गोठवणुकीचे समर्थन होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला १९९७ मध्ये म्हणावे लागले. मधल्या काळात, १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना कायद्याने संरक्षित भाडेकरू केले. ज्याने विश्वासाने घर दिले त्याचे घर गेले, अशी समजूत त्यातून पक्की झाली आणि घर रिकामे ठेवणे हे भाड्याने देण्यापेक्षा शहाणपणाचे ठरू लागले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली, ती काही सगळी भुताखेतांसाठी बांधलेली नव्हती. मात्र आजच्या कायद्याच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच घर सोडावे लागते. न सोडल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. मुदत अकरा महिन्यांची असो वा तेहतीस, हे संरक्षण सारखेच आहे.

मग अकरा महिन्यांचा लाभ कोणाला? हिशेब पाहावा. भाडे पंधरा हजार आणि अनामत पन्नास हजार धरली, तर अकरा महिन्यांच्या करारास पाव टक्का दराने साधारण सव्वाचारशे रुपये मुद्रांक शुल्क पडते. तेहतीस महिन्यांना त्याच्या तिप्पट. त्यात फरक नाही. परंतु महापालिका हद्दीतील एक हजार रुपयांचे नोंदणी शुल्क मुदतीवर अवलंबून नसते. तीन करारांना ते तीनदा भरावे लागते. त्याहून भारी पडते ती दलाली. नूतनीकरणाच्या प्रत्येक वेळी दलालाचा हात पुढे येतो. घर बदलावे लागले तर महिन्याभराच्या भाड्याइतकी रक्कम पुन्हा मोजावी लागते. हा खर्च कायद्याने लादलेला नाही. आणि पैशात न मोजता येणारे नुकसान निराळेच. बँकेतला पत्ता, मतदारयादीतले नाव, मुलीची शाळा हे सारे दर अकरा महिन्यांनी टांगणीला लागते. आडनाव आणि आहार यांविषयीच्या, जाहिरातीत न छापलेल्या प्रश्नांना पुन्हा सामोरे जावे लागते, ते वेगळेच.

अनामतीवर तर महाराष्ट्राच्या कायद्यात परवानाधारकासाठी मर्यादाच नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत करून राज्यांकडे पाठविलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचविलेली आहे. एवढे एक कलम उचलण्यास राज्याच्या तिजोरीला एक पैसाही पडणार नाही.

यात घरमालक म्हणजे कोणी धनदांडगाच असतो, असेही नाही. निवृत्तीच्या पैशांतून पुण्यात एक खोली घेऊन ठेवलेला शिक्षक अकलूजमध्येही सापडेल. त्यालाही दरवर्षी नवा भाडेकरू शोधणे आणि महिना दीड महिना घर रिकामे ठेवणे परवडत नाही. तेव्हा तेहतीस महिन्यांचा एकच नोंदणीकृत करार करावा, वार्षिक भाडेवाढीचा आकडा त्यातच लिहावा आणि दोन्ही बाजूंना महिन्याच्या सूचनेने मोकळे होण्याची अट घालावी. यात कोणाचेच अहित नाही. पुण्यास निघालेल्या वडिलांनी ही मागणी पहिल्याच भेटीत, अनामतीची रक्कम खिशात असतानाच करावयास हवी. किल्ली हाती आल्यावर ती ऐकून घेण्यास कोणाला सवड नसते.