बॉस असावा तर आरिफसारखा!

गाणं आवडलं की आपण गायकाच्या प्रेमात पडतो. फार तर संगीतकाराचं नाव लक्षात ठेवतो. पण 'रेकॉर्ड प्रोड्यूसर' नावाचा माणूस नेमकं करतो काय? आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटलं की पैसे लावणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. तिकडे तो स्टुडिओतला कॅप्टन असतो. गाणी कोणती, वादक कोण, कुठला टेक ठेवायचा न् कुठला फेकायचा, या सगळ्यात त्याचा शब्द चालतो. या धंद्यातलं एक सॉलिड करिअर म्हणजे आरिफ मार्डिन.

आरिफ १९३२ मध्ये इस्तंबूलला जन्मला. शिक्षण कॉमर्स आणि अर्थशास्त्राचं, डोक्यात मात्र चोवीस तास जॅझ. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पीचा बँड तुर्कस्तानात आला, त्यात क्विन्सी जोन्सही होता. पुढे आरिफनं लिहिलेलं संगीत क्विन्सीपर्यंत पोचलं आणि क्विन्सीच्या नावाची पहिली स्कॉलरशिप मिळवून १९५८ मध्ये स्वारी थेट बॉस्टनच्या बर्कलीत. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये नोकरी लागली. पोस्ट? असिस्टंट. वय? एकतीस. आपल्याकडे एव्हाना 'अजून सेटल नाही का रे?' म्हणून आत्या-मावश्यांनी जीव खाल्ला असता.

पण तिथेच तो घडला. अरेथा फ्रँकलिनसाठी अरेंजमेंट्स केल्या, जेरी वेक्सलर आणि टॉम डाऊडसोबत डस्टी स्प्रिंगफिल्डचा 'डस्टी इन मेम्फिस' (१९६९) केला. मग बी जीज त्याच्याकडे आले. तेव्हा त्यांची गाडी पार घसरली होती. मायामीत 'नाइट्स ऑन ब्रॉडवे' रेकॉर्ड होताना आरिफ म्हणाला, शेवटी कुणीतरी जरा वरच्या पट्टीत ओरडा की! बॅरी गिबनं प्रयत्न केला आणि त्याचा तो गाजलेला पातळ, उंच आवाज सापडला. १९७७ मध्ये 'सॅटरडे नाइट फीव्हर'नं जग नाचलं ते याच आवाजावर.

१९८४ मधलं चाका खानचं 'आय फील फॉर यू' आठवतंय? सुरुवातीला तिचं नाव अडखळत पुन्हा पुन्हा येतं. तो म्हणे सॅम्पलरवर आरिफचा हात घसरल्याचा परिणाम. दुसऱ्या कुणी पुसून टाकलं असतं, यानं ठेवलं.

आता खरी गंमत. २००१ मध्ये, सत्तरीला टेकलेल्या आरिफकडे ब्लू नोट कंपनीनं एक नवखी मुलगी सोपवली. नोरा जोन्स, पंडित रविशंकर यांची मुलगी. तिचं एकदा दुसऱ्या प्रोड्यूसरसोबत रेकॉर्डिंग झालं होतं, पण कंपनीला हवी ती मजा त्यात नव्हती. तिच्या साध्यासुध्या डेमोतच जादू होती. एवढा नावाजलेला अरेंजर, व्हायोलिनांचा ताफा उभा करणं त्याच्या हातचा मळ. त्यानं ते केलं नाही. पियानो आणि गळा पुढे ठेवला, बाकीच्यांना मागे बसवलं. 'डोन्ट नो व्हाय' तर जवळपास डेमोचाच टेक आहे! २००२ मध्ये 'कम अवे विथ मी' आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या झोळीत आठ ग्रॅमी पडली. त्यातलं एक, प्रोड्यूसर ऑफ द इयर, आरिफचं.

आता आपल्या ऑफिसात डोकवा. प्रेझेंटेशन झकास झालेलं असतं, तरी साहेब दोन स्लाइड्स बदलतातच. का? तर साहेब आहेत म्हणून! आणि जिथे खरंच कुणीतरी ढकलायला हवं असतं, तिथे नेमके 'यू डिसाइड' म्हणून मोकळे. आरिफला हे दोन्ही प्रसंग वेगळे ओळखता यायचे. बी जीजना त्यानं डिवचलं, नोराला जपलं. समोरचा माणूस नीट ऐकल्याशिवाय हे जमत नाही, आणि ऐकायला वेळ लागतो.

२५ जून २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये आरिफ गेला. तुमच्या हाताखाली या अप्रेझलनंतर दोन-तीन पोरं येणार असतील तर एक करा. घरी जाताना लोकलमध्ये हेडफोन लावा, आधी 'नाइट्स ऑन ब्रॉडवे' ऐका आणि लगेच 'डोन्ट नो व्हाय'. दोन्हींमागे माणूस एकच आहे, हे कुठे ऐकू येतंय का बघा.