वर ढकलले, पण शिकविले कोणी?



चिंचोटी परिसरातील पक्षकारांच्या कागदांवर सह्या घेताना मला एक अनुभव वारंवार येतो. बाप अंगठा उमटवितो. त्याला शाळा लाभली नाही. परंतु आठवी उत्तीर्ण झालेला त्याचा मुलगा तोच कागद हाती घेऊन दोन ओळींतच अडखळतो व मान खाली घालतो. मग नापास कोण झाले? तो मुलगा, की त्याला वर्षानुवर्षे वर ढकलणारे?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली. ही मनाई गरिबाच्या हिताची होती. नापासाचा शिक्का बसला की सधनाचा मुलगा शिकवणीला जातो आणि मजुराचा मुलगा वीटभट्टीवर जातो. परंतु त्याच कायद्याचे कलम २४ शिक्षकास बजावते की, प्रत्येक मुलाची कुवत पारखा, त्याला लागेल ते जादा शिक्षण द्या, पालकांना बोलावून प्रगती कळवा. कलम १६ सर्वांनी पाठ केले. कलम २४ कपाटात राहिले. त्यातून जे उरले, त्यास लोकांनी 'ढकलपास' हे यथार्थ नाव दिले.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात दाखवून दिले होते की, शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. शाळेची पायरी चढलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी सांगितला. आज मुले आठवीपर्यंत पोहोचतात. पण तो हेतू सफल झाला काय?

आता वारे फिरले आहे. २०१९ साली कलम १६ बदलले आणि २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलास जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यावयाची. तीतही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात बसवावयाचे. काही शहाणे म्हणतात, भीतीने मुले अभ्यास करतील. ज्याला कोणी शिकविलेच नाही, तो भीतीने काय शिकणार? न शिकविणाऱ्याला जाब नाही आणि दहा वर्षांच्या पोराला शिक्षा, हा कोणता न्याय?

म्हणून पालकहो, गुणांची भीक घेऊ नका आणि नापासाचा शिक्का मुकाट्याने स्वीकारू नका. रोज रात्री मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला अक्षर येत नसले तरी तो अडखळतो की नाही, हे कानाला कळते. अभ्यास करणे हे त्याचे कर्तव्य आहे, त्यात सवलत देऊ नका. पण जादा मार्गदर्शन हा त्याचा हक्क आहे; तो लेखी मागा. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तेथे जाऊन बसा, प्रश्न विचारा. दाद न मिळाल्यास कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत लावणे त्यास बंधनकारक आहे.

तुमच्या मुलाला वरचा वर्ग मिळाला, एवढ्यावर समाधान मानू नका. त्याला वाचता येते काय, हे आज रात्रीच पाहा.

जय भीम!