पाणी डोंगराचे, ऊस खालच्यांचा

अकोले तालुक्यातील घाटघर परिसरात पाऊस धो धो कोसळतो. तरी उन्हाळ्यात अनेक वाड्यांतील महादेव कोळी, ठाकर मायबहिणी हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली गेले. त्यावर ऊस, कारखाने आणि सत्ता पोसली गेली. डोंगराच्या वाट्याला नागली-वरई अन् नारायणगावच्या मळ्यांतली मजुरी आली. काजवे पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात. वाडीची कोरडी विहीर कुणाला दिसत नाही.

धरणानंतर वर्षभरातच, १९२७ ला, बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. २००६ च्या कायद्याने आदिवासींचा वनहक्क मान्य केला. मग पाण्यावर पहिला हक्क कुणाचा? प्रस्थापितांना आमचा हाच सवाल आहे!