रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरे

मूतखडा झाला तर माणूस चारचौघांत सांगतो. कंबर धरली तर ऑफिसात खुर्ची बदलून मागतो. पण वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत महिनोन्महिने ठसठसत असेल, बसले की दुखणे वाढत असेल, लघवीला पुन्हा पुन्हा जावे लागत असेल आणि वीर्यस्खलनानंतर कळ येत असेल, तर तो कोणालाही सांगत नाही. बायकोला सांगतो तेही अर्धेच. क्रॉनिक प्रोस्टेटायटिस या आजाराची निम्मी अडचण दुखण्यात आहे आणि उरलेली निम्मी या गप्प बसण्यात.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. साठीनंतर ती वाढते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ऐन तिशी-चाळिशीत त्या भागात दीर्घकाळ दुखू शकते, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये या आजाराची चार गटांत विभागणी केली. पहिला गट तीव्र जंतुसंसर्गाचा. त्यात थंडी वाजून ताप येतो, लघवी अडू शकते आणि तातडीने दवाखाना गाठावा लागतो. दुसऱ्या गटात जंतू पुन्हा पुन्हा डोके वर काढतात. चौथ्यात त्रास काहीच नसतो, दुसऱ्या कारणाने केलेल्या तपासणीत दाह सापडतो इतकेच. उरतो तिसरा गट : गेल्या सहा महिन्यांपैकी किमान तीन महिने वेदना आणि तपासणीत जंतूंचा पत्ता नाही. दीर्घकाळ त्रास असणाऱ्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ याच गटातले असतात.

म्हणजे बहुसंख्य रुग्णांत जंतू नाहीत आणि तरीही बहुतेकांच्या पिशवीत प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या असतात. एक डॉक्टर बदलला की नवा कोर्स, दुसरा बदलला की आणखी एक. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुना त्रास असलेल्या १९६ पुरुषांना सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन, टॅम्सुलोसिन, दोन्ही औषधे किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या देण्यात आल्या. खऱ्या औषधांचा दिखाऊ गोळ्यांपेक्षा लक्षणीय फायदा दिसला नाही. नव्याने सुरू झालेल्या त्रासात तपासणी करून एखादा कोर्स देणे समजू शकते. पाचव्या कोर्सचे समर्थन करता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांमुळे स्नायूबंध आणि नसांना इजा होऊ शकते, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. ही औषधे क्षयाच्या जंतूंवरही थोडीफार चालतात, त्यामुळे लपलेला क्षय तात्पुरता दबतो आणि निदान लांबते.

मग जंतू नसताना दुखते का? कारण एकच नसते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती सतत आवळलेली राहिली की दुखू लागते. दुखले की माणूस ती आणखी आवळतो. काळाने त्या भागातील नसा हळव्या होतात, झोप उडते, चिंता वाढते आणि चिंतेने स्नायू पुन्हा आवळतात. म्हणूनच २००९ पासून रुग्णाकडे सहा बाजूंनी पाहण्याची पद्धत मांडली गेली : लघवीच्या तक्रारी, मनावरचा ताण, प्रोस्टेटची स्थिती, जंतुसंसर्ग, नसांचा हळवेपणा आणि स्नायूंची दुखरी ठिकाणे. ज्या रुग्णात ज्या बाजू सापडतील, त्यांवर उपचार. कुणाला लघवी सुलभ करणारी गोळी लागते, कुणाला नसांवरचे औषध, तर अनेकांना स्नायू सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपी. येथे एक सावधगिरी हवी. मोबाइलवर पाहून स्नायू आवळण्याचे व्यायाम केले, तर काहींचे दुखणे उलट वाढते.

मनाची बाजू असते म्हणजे आजार ‘मनाचा’ असतो असे नव्हे. गर्दीच्या ओपीडीत ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य सहज निघून जाते. रुग्ण ते ऐकतो आणि एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची गुप्तरोगाची जाहिरात वाचतो. तिथे त्याला धातू जात असल्याचे सांगितले जाते आणि महागडी पुडी दिली जाते. त्याच्या डोक्यात आधीच तीन भीती असतात : हा कर्करोग आहे, हे बायकोला लागेल, आपण निकामी झालो. तिसऱ्या गटातला त्रास संसर्गजन्य नाही. तो कर्करोगात बदलतो असे सिद्ध झालेले नाही. या दोन वाक्यांना कोणतेही यंत्र लागत नाही, पण ती कुणीतरी बसवून सांगावी लागतात.

आधार म्हणजे काय, यावरही अभ्यास झाला आहे. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या डीन ट्रिप यांच्या गटाला असे आढळले की, असहाय वाटणे आणि सगळे संपलेच असे मानणे याचा वेदनेच्या तीव्रतेशी जवळचा संबंध आहे. याच गटाचे आणखी एक निरीक्षण घरोघरी उपयोगी पडेल. ‘तुम्ही पडून राहा, मी सगळे करते’ अशी काळजी ज्या घरांत जास्त होती, तिथे वेदनेमुळे येणारे पंगुत्वही जास्त दिसले. म्हणजे घरच्यांनी दुखणे खरे मानावे, पण माणसाला अंथरुणाला खिळवू नये. संध्याकाळी सोबत फेरी मारणे हा आधारच आहे.

घराबाहेरचा आधार मात्र आपण उभाच केलेला नाही. व्यसनमुक्तीचे गट आहेत, मधुमेहींचे मेळावे आहेत. ओटीपोटाच्या दुखण्याने पिचलेल्या पुरुषाला आपल्यासारखा दुसरा माणूस भेटेल अशी जागा नाही. ती जिल्हा रुग्णालयांत करता येईल. आठवड्यातून एक दुपार, एक सर्जन, एक फिजिओथेरपिस्ट, एक समुपदेशक आणि शेवटी अर्धा तास रुग्णांनी एकमेकांशी बोलण्यासाठी. प्रगती मोजायला नऊ प्रश्नांची, ४३ गुणांची प्रश्नावली १९९९ पासून उपलब्ध आहे. त्यातले १२ गुण जगणे किती बिघडले यासाठी आहेत. ती मराठीत छापून दारातच भरून घ्यावी. वेळ कुठे आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण हाच रुग्ण वर्षभरात दहा वेळा येतो, तीन सोनोग्राफी करतो आणि चार कोर्स घेतो. तो वेळ आणि पैसा आजही खर्च होतोच आहे.

लघवीत रक्त, ताप, लघवी अडणे किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल, तर थांबू नये. जंतूंची तपासणी न करता दुसऱ्यांदा प्रतिजैविक दिले जात असेल, तर ‘कल्चर केले का?’ असे विचारावे. रात्री मन फारच खचले, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. हा आजार अनेकांत पूर्ण जात नाही, पण बराच निवळतो. त्यासाठी रुग्णाने तोंड उघडावे लागते आणि त्याने ते उघडले की ऐकणाऱ्याने ‘काही झालेले नाही’ म्हणायचे टाळावे लागते.