बांधावरचा राखणदार

भातकापणी आटोपली की डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवरची पोरे उंदरांच्या मागे लागतात. एकजण बीळ खणतो, दुसरा मागचे तोंड बुजवतो आणि उरलेल्या तोंडाशी कुत्रा दबा धरून बसतो. त्याला हे शिकवले कुणी, असे मी एकदा विचारले. ‘थोरल्या कुत्र्यानं,’ उत्तर आले. बिळात साठवलेल्या लोंब्या घरी येतात, उंदीर चुलीवर भाजला जातो. (शहरी वाचकाने नाक मुरडू नये.) आपण मात्र झिंक फॉस्फाइडची पुडी सुचवतो. पोटात गेल्यावर तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. आमिष कुत्र्याने खाल्ले तर तोही मरतो. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो तर कुत्र्यालाही होतो. पुडीचे पैसे त्याच्या लशीवर खर्च करा, एवढेच माझे म्हणणे.