कात्री कुणाच्या हातात?

तंत्राला जात नसते असं म्हणणारे साले एकतर भोळे असतात, नाहीतर लबाड. पडद्यावर गोष्ट कुणाची, यावर आपण रात्र रात्र भांडतो. आपला माणूस नोकर की नायक, हे मोजतो. पण दोन चित्रं एकमेकांना चिकटवतो कोण, हे विचारत नाही. खरी कारागिरी तिथंच चालते.

कुलेशोव नावाच्या रशियन दिग्दर्शकानं शंभरेक वर्षांपूर्वी हे उघडं पाडलं. नटाचा एकच निर्विकार चेहरा. पुढं सूपाची थाळी जोडली, लोक म्हणाले भुकेला आहे. शवपेटी जोडली, म्हणाले दुःखी आहे. चेहरा तोच. अर्थ चेहऱ्यात नव्हता, जोडात होता.

आता 'द वायर' घ्या. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची मालिका. २००२ ते २००८, ५ सीझन, ६० भाग. तिची सुरुवातीची दीडेक मिनिटं बघा. नेहमीच्या मालिकेत काय असतं? नट हसतो, खाली त्याचं नाव येतं. मोठा आधी, छोटा नंतर. गावासारखीच उतरंड. इथं नावं येतात, पण त्या नावाचा चेहरा नाही. हात आहेत. नोटा धरणारे, पुडी देणारे, फोनची बटणं दाबणारे. पोलिसाचं काम आणि गर्दवाल्याचं काम असं शेजारी शेजारी कापलंय की कुठला हात कुणाचा, क्षणभर कळत नाही. दोघं एकाच गिरणीत भरडले जातात असं कुणी तोंडानं बोलत नाही. कात्री बोलते.

२००३ साली दुसऱ्या सीझनला ही सुरुवात बदलली. गाणं तेच, 'वे डाऊन इन द होल'. आधी ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा या काळ्या गायकांनी म्हटलेलं, आता ते लिहिणाऱ्या टॉम वेट्सच्या घोगऱ्या गळ्यात. आणि चित्रांत गोदी घुसली. पुडीच्या गावात कंटेनर आला. तुकडे शेजारी आले आणि गल्लीतली पुडी जगाच्या व्यापाराला जोडली गेली. झोपडपट्टीच्या व्यसनावर प्रवचन झोडणारे आपले पांढरपेशे ही जोडणी कधी करतात? त्यांच्या बातमीत पुडी असते, पुडीमागचं जहाज नसतं.

मी गोदीत ओझी उचलतो. मला ती चित्रं वाचता येतात. कंटेनर म्हणजे आख्ख्या टोळीचं काम क्रेननं एकटीनं उरकणं. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं वळले, इथले हात कमी होत गेले.

पण भक्त होऊ नका. नुसते हात दाखवणं दुधारी आहे. या व्यवस्थेनं हजारो वर्षं आपल्याला हातच समजलं. ढोर ओढणारा हात, मैला उचलणारा हात. चेहरा नाही, नाव नाही. काळा हात आणि पुडी पुन्हा पुन्हा एकत्र दाखवली, की बघणाऱ्याच्या डोक्यात हात म्हणजेच पुडी. मालिका पुढं ६० भाग त्या हातांना चेहरे देते, म्हणून वाचते. आणि ती उभी करणारा डेव्हिड सायमन गोरा, पूर्वीचा 'बाल्टिमोर सन'चा बातमीदार. माणूस इमानदार असेल. कात्री तरीही त्याचीच.

एक तुकडा मात्र डोक्यातून जात नाही. पहाऱ्याचा कॅमेरा, खाली पोरं, एक जण दगड मारतो, काच तडकते. सीझन बदलले, गाणारे बदलले, हा तुकडा राहिला. आपण तो दगड कॅमेऱ्याच्या आतून बघतो, म्हणजे पोलिसाच्या डोळ्यातून. तरी दगड आपला वाटतो, कारण आजूबाजूचे तुकडे नजर ठेवण्याचे, चोरून ऐकण्याचे आहेत.

आता हाच दगड बातमीत लावा. आधी दगड, मग फुटलेली काच, मग पळणारी पोरं. त्याआधीची लाठी कापून टाका. झाला की नाही मोर्चा 'हिंसक'? चित्र एकही खोटं नाही. क्रम खोटा.

१९७२ साली आपल्या आधीच्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, परवानगी मागत बसले नाहीत. आज मोबाइल खिशाखिशात आहे. मोर्च्याची, जळालेल्या घराची चित्रं आपणच काढतो आणि कच्ची त्यांच्या हवाली करतो. ते कापतात, आपण शिव्या देतो. बस झालं. कवितेची ओळ कुठं तोडायची हे आपण कुठल्या मास्तरला विचारलं नाही. चित्र तोडायलाही विचारू नका. वस्तीवस्तीत कापायला बसा. आधी लाठी लावा, मग दगड.

जयभीम.